बाहेरून लावलेलं कुलूप

साहेब, त्या दाराला मला कमलेशने लावलं, हे खोटं आहे. हात त्याचा होता, पण लावलंत तुम्ही. पोलीस चौकीत म्हाताऱ्याच्या तोंडाकडे एकदाही न बघता तुम्ही त्याच्या पोराला, कमलेशला, म्हणालात, "घरात कोंडून ठेवा. पुन्हा रस्त्यावर सापडला तर केस तुमच्यावर." आणि पुढच्या माणसाला हाक मारलीत.

मित्रांनो, साहेबांशी मी नंतर बोलतो. आधी माझी ओळख देतो. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी बोईसरच्या बाजारातून मला विश्रामने विकत घेतलं. कुंभवलीचा हा विश्राम तेव्हा तारापूरच्या वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात नुकताच लागला होता. कामगारांना कपडे ठेवायला लोखंडी कपाटं होती, पण कुलूप ज्याचं त्याने आणायचं, अशी तिथली पद्धत. चौतीस वर्षं मी त्याचे घरचे कपडे राखले. पाळी संपली की निळेजांभळे हात घासून तो यायचा, मला उघडायचा, पांढरा सदरा घालायचा आणि माणसात जायचा. सदऱ्यावर रंगाचा ठिपका पडू दिला नाही, एवढाच काय तो माझा अभिमान.

तिथल्या वाफेने मी आतून आखडलो. तेव्हापासून चावी आधी अर्धी उलटी फिरवायची, अंगठ्याने दाबायचं, मग सुलटी. माझी एक चावी विश्रामच्या करगोट्याला असे, दुसरी घरी खुंटीला.

निवृत्तीनंतर त्याची बायको मंदा गेली आणि विश्रामचं विसरणं वाढलं. नातवंडांची नावं गेली, जेवलो की नाही ते जाऊ लागलं. सकाळी सातचा भोंगा मात्र गेला नाही. भोंगा झाला की मला खिशात घालून, डबा घेऊन तो कारखान्याच्या फाटकावर हजर. तिथला रखवालदार उत्तरेकडचा. तो हसला नाही, ओरडला नाही. त्याला खुर्ची देऊन म्हणायचा, "चाचा, आज आपकी छुट्टी है. चाय पीकर जाइए." विश्राम चहा प्यायचा आणि आल्या वाटेने घरी यायचा. दीड वर्ष असं चाललं. त्याला कोणी वेडा म्हटलं नाही.

मग रखवालदार बदलला. नव्याने हाकललं. विश्रामला वाटलं आपलंच फाटक चुकलं, म्हणून तो पुढचं फाटक शोधत निघाला. संध्याकाळी पालघरच्या रस्त्याला एका पायात चप्पल घेऊन सापडला. कमलेशला तुमच्यापुढे उभं केलं ते त्याच दिवशी, साहेब.

कमलेश आणि त्याची बायको चारुता, दोघंही कारखान्यात जाणारी. दिवसा घरात कोणी नाही. दुसऱ्या दिवशी कमलेशने खुंटीवरची चावी घेतली आणि मला बाहेरच्या कोयंड्यात अडकवलं. दोनदा ओढून बघितलं आणि तो कामाला गेला. मी लोंबकळत होतो.

सातचा भोंगा झाला. आतून हळूच टकटक आली. "अरे, दार उघडा. माझी हजेरी जाईल." नंतर जोरात. मग दाराखालून ओल आली.

मित्रांनो, त्या घराचा संडास परसात आहे.

संध्याकाळी चारुताने सगळं पुसलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. ज्याने चौतीस वर्षं रंगाचा ठिपका अंगावर राहू दिला नाही, तो माणूस. असे अकरा दिवस गेले. मला गंज चढावा, मी तुटावं, असं रोज वाटायचं. पण पितळ गंजत नाही.

बाराव्या दिवशी दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. चाचपडत माझ्यापर्यंत पोचला. अंगठा माझ्या बुडाच्या पोच्यावर थांबला. तो पोचा त्यानेच पाडलेला, पाना आपटून. "हे तर माझंच हाय," तो म्हणाला. करगोट्याची चावी कोणी काढूनच घेतली नव्हती. सगळ्यांना ती म्हाताऱ्याची जुनी सवय वाटे. अर्धी उलटी, दाब, सुलटी. नातवंडांची नावं विसरलेल्या बोटांना ते आठवत होतं.

मी उघडलो. आयुष्यात इतक्या आनंदाने कधी उघडलो नव्हतो.

संध्याकाळी कमलेश आला तेव्हा विश्राम ओट्यावर बसला होता, मी त्याच्या मांडीवर. दोरीवर त्याने स्वतः धुतलेला लेंगा वाळत होता.

कमलेश घाबरला. म्हणाला, दुसरं कुलूप आणतो, ज्याची चावी यांच्याकडे नाय.

चारुता लेंग्याकडे बघत होती. "ते पळायला नाय उघडलं त्यांनी," ती म्हणाली. "परसाकडला जायला उघडलं. आणि बसून राहिलेत. बघा की."

कमलेशने तरी नवं कुलूप आणलंच. ते खोक्यातच फळीवर पडलंय. चारुताने दोन दिवस बिनपगारी रजा घेतली. सकाळी ती सासऱ्याला फाटकापर्यंत नेते, नव्या रखवालदाराला तो चहाचा रिवाज शिकवते. तुमच्याकडेही येऊन गेली, साहेब. दिवसा बसायला एखादी जागा, सोबतीला एखादं माणूस मिळेल का, म्हणून विचारलं. अशी सोय नाही, कोंडून ठेवा, हेच पुन्हा ऐकून आली.

मित्रांनो, तुमच्या घरात असा कोणी विसरणारा असेल, तर त्याचं काय गेलं ते मोजत बसू नका. काय उरलंय ते बघा, आणि तेवढं त्याच्या हातात राहू द्या.

आणि साहेब, उद्या चारुताची रजा संपते. सातला भोंगा होईल. फळीवरचं खोकं फोडायचं की नाही, ते कमलेश तुमच्या भीतीने ठरवणार आहे. त्याआधी मला एवढंच सांगा. कोंडा म्हणालात, तेव्हा त्या घरचा संडास कुठे आहे, हे विचारलं होतंत का?

उत्तर द्या. मी दाराशीच आहे.