फुंकरबाबा आणि मऊ पेडल

"झालं! कडक झालं पेडल!" दाजी उघड्या दारातून हात घालून पेडल दाबत ओरडले, आणि गॅरेजसमोरच्या गर्दीनं हात जोडले.

दाजींच्या जुन्या फोर-व्हीलरमध्ये फुंकरबाबा ठाण मांडून बसले होते. डोळे मिटायचे, पुटपुटायचे, "हूं!" करून ब्रेकचं पेडल हाणायचे. असं अकरा वेळा. दोन दिवस जमिनीला टेकणारं पेडल आता अर्ध्यावरच घट्ट थांबत होतं.

"लोखंडात अतृप्त श्वास कोंडला होता," बाबा उतरत म्हणाले. "मुक्त केला."

गॅरेजच्या मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या चाकांची दोन्ही कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळणारे चिमटे, त्यानंच बदलली होती. तेव्हा आत शिरलेली हवा काढता काढता तीन बाटल्या ब्रेक ऑइल संपलं, तरी पेडल आपलं मऊ ते मऊच. आणि हा शहाणा "हूं" करून मोकळा!

दाजी स्टिअरिंगवर बसले. "चला, शाळा सुटेल. पोरांना घेऊन येतो."

शाळा उताराखाली होती. वाटेत सात वळणं, आणि परतताना गाडीत गल्लीतली आठ पोरं. मिस्त्री गाडीसमोर आडवा उभा राहिला.

"दाजी, खाली उतरा!"

"तुला जमलं नाही म्हणून जळतोस."

"जळतोय, हो! चांगला जळतोय! पण पाच मिनिटं थांबा. पेडलला पाय लावू नका."

"शक्तीची परीक्षा घेऊ नये, बालका," बाबा म्हणाले.

मिस्त्रीची थोरली बहीण, म्हणजे दाजींची बायको, पुढं आली. तिनं हात घालून किल्लीच काढून घेतली. पाच मिनिटं झाली. दाजींनी पेडल दाबलं. ते सरळ जमिनीला टेकलं.

"कुणीतरी शंका घेतली!" बाबा गरजले. "श्वास परतला!"

"सरका हो जरा." ताई सीटवर बसली आणि भराभर पेडल मारू लागली. "बे एके बे, बे दुणे चार..." 'बे दाहे वीस'ला पेडल कडक. "बाबा, बेच्या पाढ्यानंही श्वास मुक्त होतो वाटतं!"

गर्दी खो खो हसली.

"अहो, आत हवा आहे," मिस्त्री करवादला. "भराभर दाबलं की आधीचं तेल मागं फिरायच्या आत नवं पुढं जातं, हवा चेपते, पेडल घट्ट लागतं. थांबलात की पुन्हा मऊ. सातव्या वळणावर पाढे म्हणणार आहात का?"

दाजींचा चेहरा पडला. ते पोरांना आणायला पायी निघाले. बाबांनी तेवढ्यात काढता पाय घेतला.

"बाबाचं झालं," ताई म्हणाली. "आता तुझं सांग. दोन दिवस हवा का निघत नाही?"

"मला काय ठाऊक! गाडीच कजाग आहे!"

ताई चाकापाशी वाकली. "हवा वर जाते ना रे? मागच्या चाकांना हवा काढायचा स्क्रू वर आहे. पुढच्यांना खाली का?"

मिस्त्रीनं वाकून पाहिलं. डावं कॅलिपर उजवीकडे, उजवं डावीकडे; म्हणून स्क्रू खाली. हवा वरच्या टोकाला निवांत बसली होती, आणि हा दोन दिवस खालून नुसतं चांगलं तेल सांडत होता.

"ताई, मी गाढव आहे."

"ते आहेसच. पाना घे."

कॅलिपर अदलाबदल झाली. ताई पेडलवर, मिस्त्री चाकाशी. "दाब... धर... आता सोड." नळीतून बुडबुडे निघाले, मग नुसतं तेल. पेडल कडक झालं. दहा मिनिटं थांबले, तरी कडकच.

दाजी पोरांना घेऊन धापा टाकत चढून आले, तेव्हा मिस्त्रीनं त्यांना सीटवर बसवलं.

"तुम्ही स्वतः दाबून बघा, दाजी. बाबाच्या शब्दावर गाडी काढू नका, माझ्याही नको. मी त्याच्याइतकाच ठामपणे चुकत होतो. उद्या आठ पोरं बसायची आहेत यात."

दाजींनी पेडल दाबलं, पाच मिनिटं थांबले, पुन्हा दाबलं. मग ताईला म्हणाले, "तूही एकदा बघ."