विहिरीतली कॅसेट

माधवनगरच्या छोट्या सभागृहात त्या संध्याकाळी चाळीसएक माणसं जमली होती. दर महिन्याला कुणीतरी आपल्या आवडत्या अल्बमवर बोलायचं, मधूनमधून गाणी ऐकवायची, असा तो कार्यक्रम. या खेपेला संयोगिताची पाळी होती. ती सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची, त्यामुळं बोलायची भीती नव्हती. तिनं निवडला होता सत्त्याण्णव सालचा एक विलायती रॉक अल्बम. त्यातल्या गिटारी, एकटेपणा, येऊ घातलेल्या शतकाची धास्ती, सगळं तिनं छान मांडलं. पण सभा जिंकली ती तिच्या वडिलांच्या, आबांच्या गोष्टीनं.

"मी बारावीत होते. पुण्याच्या मामेबहिणीकडून ही कॅसेट मागवली होती. वडील फौजेतून सुट्टीवर आलेले. म्हणाले, 'कोण केकाटतंय रं घरात?' दुसऱ्या दिवशी कॅसेट गायब! सुभेदारसाहेबांनी रॉक संगीताला थेट विहिरीत जलसमाधी दिली."

तिनं आबांचा आवाज काढला, नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. लोक पोट धरून हसले. खरं तर कॅसेट विहिरीत पडताना तिनं पाहिली नव्हती. पण इतकी वर्षं मैत्रिणींना सांगून सांगून तो 'डुबुक' आवाजसुद्धा तिला आठवायला लागला होता.

संयोजकांनी भाषणाचा व्हिडिओ नेटवर टाकला. चौथ्या दिवशी आईचा फोन आला. आई म्हणजे बनुबाई, कराडकडच्या मलकापूरजवळच्या गावी आबांबरोबर राहायची.

"संयु, काय बोललीस गं त्या व्हिडिओत? भावकीतल्या नाथाजीनं गावाच्या ग्रुपवर टाकलाय. तुझं आबा चौकात गेलं तर पोरं म्हणत्यात, 'मोबाईल लपवा रं, सुभेदार आलं, हिरीत टाकत्याली.' दोन दिस झालं, माणूस घराभाईर पडला न्हाई."

"अगं आई, गंमत होती ती."

"गंमत करायची तर सोताची करायची," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी संयोगिता गावी गेली. आबा, म्हणजे सुभेदार लालासाहेब, घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, तरी पाठ ताठ. "आलीस?" एवढंच म्हणाले. तिनं माफीसाठी वाटेत जुळवलेलं वाक्य ओठावर येईना. तेच मग म्हणाले, "माळ्यावरची माझी काळी ट्रंक काढ."

ट्रंकेत लोकरी मोजे होते, पदकांचा डबा होता, आणि मफलरीत गुंडाळलेली कॅसेट. कव्हर फाटलेलं, त्यावर बॉलपेननं तिच्याच अक्षरात तिचं नाव.

"हिरीत न्हाई टाकली," आबा म्हणाले. "सुट्टी सपली तवा मी नेली."

"का?"

"आवडली म्हनून. तू कालेजात गेल्यावर लावून बघितली, म्हटलं पोरगी ऐकती तरी काय. मग दुपारपातूर तीच. पर तुला वरडलो हुतो न्हवं? आता कुठल्या तोंडानं सांगायचं? लाज वाटली. चोरून नेली म्हन की."

संयोगितानं कॅसेट उलटीपालटी करून पाहिली.

"तिकडं बॉर्डरवर बर्फात कंपनीतल्या एका पोराकडं टेप हुता. आमी चार-पाच जन ऐकायचो. शबूद एक कळायचा न्हाई. पर त्यो ढोलवाला लय सबुरीचा गडी. बाकीचं किती का तापंनात, त्यो घाई करत न्हाई. आन दुसऱ्या बाजूचं तिसरं गानं. त्ये लागलं की कोन बोलायचं न्हाई. तुला कसं वाटतं गं त्ये?"

तिला ते गाणं आठवेना. तिच्या आवडीची दोन गाणी पहिल्या बाजूची. दुसरी बाजू तिनं तेव्हा एखाददा ऐकली असेल, आणि भाषणात त्या बाजूबद्दल जे बोलली ते नेटवरच्या लेखांतून उचललेलं होतं.

"मला आठवत नाही, आबा." तिनं कबूल केलं.

ते टोचून काही बोलले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. तिनं मोबाईलवर गाणं लावलं. आबांनी डोळे मिटले. मधेच बोट वर करून म्हणाले, "आता बघ, सगळी थांबत्यात." आणि खरंच सगळी वाद्यं थांबली, एकटा आवाज तेवढा उरला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जो अल्बम आपला म्हणून ती मिरवत होती, तो ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी सगळ्यांना खरं सांगते."

"काय सांगशील? बापानं लेकीची कॅसेट चोरली म्हनून? त्यापरीस हीर बरी."

"माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळलं, हे सांगते."

संध्याकाळी ते तिच्याबरोबर चौकात यायला तयार झाले. हॉटेलाच्या बाकावर नाथाजी होता. पोरं आबांना पाहून खुसखुसली. चोरीचं न काढता संयोगितानं सगळ्यांसमोर सांगितलं, "नाथाकाका, मी खोटं बोलले. आबांनी काही टाकलं नव्हतं. लोकांना हसवायला म्हणून मी बोलून गेले."

ती पुढचं सांगणार तोच नाथाजी हसला. "व्हय, व्हय. लेक बापाला सावरून घेनारच की. पर काय बी म्हन, सुभेदाराचा आवाज झ्याक काढलास!"

पोरं पुन्हा हसली. संयोजकांना फोन करून तिनं व्हिडिओ नेटवरून काढून टाकायला लावला होता. पण तो आता कराडच्या दोन ग्रुपांत, आबांच्या माजी सैनिकांच्या ग्रुपातही जाऊन बसला होता. तो कुठून कुठून काढणार?

आबांनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली आणि नाथाजीशी उसाच्या तोडीचं बोलायला लागले, जणू काही झालंच नाही. ती शेजारी बसून राहिली. तिला मान वर करून कुणाकडं बघवेना.