प्रश्न संपण्याआधी आलेलं उत्तर

मित्रांनो, जळगावच्या एका नर्सिंग प्रशिक्षण संस्थेच्या कपाटात, फायलींच्या ढिगाखाली दबलेला मी एक जुना मोडेम आहे. कॉम्प्युटरची अक्षरं टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरकडे पोचवायची, हे माझं काम. त्र्याण्णव साली मी आलो तेव्हा माझी चिरचिर ऐकायला सगळं ऑफिस गोळा व्हायचं. काय तो रुबाब होता माझा!

मला कुंदाबाई सांभाळायच्या. रोज सकाळी त्या धुळ्याच्या केंद्राला पानभर मजकूर पाठवायच्या आणि तिथला कॉम्प्युटर तोच परत धाडायचा. जायला-यायला लागलेला वेळ बघून त्या लाइनचा वेग वहीत लिहायच्या. मजकूर मात्र रोज तोच, आणि तिथेच घात झाला.

धुळ्याच्या लीलाधरने ते पान आपल्याकडे साठवून ठेवलं. पहिली ओळ पोचली की त्याचा कॉम्प्युटर लगेच अख्खं पान परत पाठवायला लागायचा. इकडून माझा प्रश्न अजून जातच असायचा आणि तिकडून उत्तर यायचं. त्यामुळे मंद लाइनही झकास दिसायची. मला सगळं कळत होतं, पण मोडेमला कोण विचारतो? बाईंचे डोळे घड्याळावर असायचे.

जूनमध्ये प्रवेशाची वेळ आली. धुळ्याला चारपर्यंत अर्ज घ्यायचे आणि पाचच्या आत यादी जळगावला हवी.

"सर, जीपने माणूस कशाला पाठवायचा? लाइनवर अर्ध्या तासात येईल," बाईंनी संस्थेच्या साहेबांना शब्द दिला.

सव्वाचारला यादी सुटली. मी जिवाचं रान केलं. तरी पाच वाजले तेव्हा शेवटच्या नऊ मुलींची नावं यायची राहिली होती. साहेबांनी नियमावर बोट ठेवलं आणि त्या नऊ जणींचा प्रवेश हुकला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याकडच्या रुक्माबाई मुलीला, हिराला, घेऊन आल्या.

"बाई, आम्हीन येळवर फारम भरेल शे. मनी पोरनं नाव कोठे शे?"

पाचनंतर आलेल्या नऊ नावांत हिराचं नाव होतं; वेळेत फॉर्म भरूनही ती राहिली होती.

एवढी चांगली लाइन ऐनवेळी कशी अडली, हे त्यांना कळेना. त्यांनी रोजचंच पान घेतलं, पहिली ओळ तशीच ठेवली आणि खाली त्या नऊ मुलींची नावं टाइप केली. उत्तर झटकन आलं. ते रोजचंच जुनं पान होतं; त्यात एकही नाव नव्हतं.

त्यांनी धुळ्याला फोन लावला. तारेवर असल्याने मलाही ऐकू आलं.

"ताई, लाइन मंद दिसली असती तर केंद्र बंद पडलं असतं," लीलाधर म्हणाला. "माझी नोकरी गेली असती."

"आणि त्या नऊ जणींचं काय?"

पुढच्या वर्षी हिरा वयाच्या अटीत बसली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

मित्रांनो, कुणाला पारखायचं असेल तर रोज नवा प्रश्न विचारा, आणि उत्तर किती लवकर आलं हे बघण्याआधी ते नीट वाचा. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. माझ्याखाली बाईंनी ठेवलेला नऊ नावांचा कागद आहे, तेवढा जपा.