मुलगी बोलत नाही

पहिल्याच दिवशी मास्तरीणबाईंनी त्या मुलीला बजावलं होतं, "हे बघ, कोचच्या खोलीत वर्षभर तोंड उघडायचं नाही. काय दिसेल ते चिठ्ठीवर लिही, माझ्याकडे दे. पुढचं मी बघते."

मुलीनं मान डोलावली. शिकायला आलेली, त्यातून बसडेपोत बस धुणाऱ्या बाईची मुलगी. ती नाही कशाला म्हणेल?

मास्तरीणबाई कुठल्या शाळेत शिकवत नव्हत्या. एका फुटबॉल क्लबात त्या व्हिडिओ विश्लेषक होत्या. सामना चालू असताना स्टँडच्या अगदी वर, काचेच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचं, कुणाचा पास कुठे चुकतो, समोरच्यांचा बचाव कुठे उघडा पडतो ते टिपायचं, आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत तीन क्लिपा घेऊन खाली ड्रेसिंग रूममध्ये पळायचं, हे त्यांचं काम. फळ्यावर बाण काढून दोन-दोनदा समजावण्याच्या सवयीवरून खेळाडूंनी त्यांना मास्तरीण म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. त्यांचे वडील ह्याच मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचे. मागच्या फाटकानं येणाऱ्या माणसाची लेक कोचच्या खोलीपर्यंत पोचली, ह्याचं क्लबात सगळ्यांना भारी कौतुक. पंधरा वर्षं नुसतं कौतुकच चाललं होतं, हुद्दा होता तिथेच होता.

आता गप्प बसण्याचा हा धडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी तेव्हाच्या कोचला भर बैठकीत सांगितलं होतं, "साहेब, गोल आपल्या डाव्या बाजूनं झाला, उजव्या नव्हे." खरंच होतं ते. कोच हसला, खेळाडू हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंची रवानगी कपड्यांच्या गोदामात झाली. आठ महिने त्यांनी मोज्यांच्या जोड्या लावल्या. तिथून परत वर यायला त्यांना जे जे गिळावं लागलं, ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तेव्हा ह्या पोरीवर तरी ती पाळी येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. निदान सुरुवातीला तरी तेवढाच होता.

क्लबानं त्या वर्षी एक योजना काढली होती. ज्यांच्या घरातलं कुणी आजवर क्लबाच्या ऑफिसची पायरी चढलं नाही, अशा मुलामुलींना वर्षभर काम शिकवायचं, प्रत्येकाला एक मार्गदर्शक द्यायचा. योजनेच्या प्रमुख बाई तोंडात साखर घोळवून बोलायच्या आणि कुणी दिसलं की फोटो काढायच्या. मुलीच्या ओळखपत्रावर नावाच्या वर मोठ्या अक्षरात 'योजना' छापलेलं होतं. झालं. पहारेकऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला 'योजनेतली' म्हणू लागले. तिचं नाव काय, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

विश्लेषण विभागात वर्षअखेर एकच जागा भरायची होती, मदतनिसाची, कायमची. त्या जागेवर डोळा ठेवून दोघं होते. एक योजनेतली आणि दुसरा टाय. हा टाय मॅनेजमेंटच्या कॉलेजातून आलेला, पहिल्या दिवशी कडक टाय बांधून मैदानावर उतरला म्हणून त्याचं नाव टाय. मुलगा वाईट नव्हता. खेळातलं त्याला दिसायचं बेताचंच, पण जे दिसलं नाही तेही तो छातीठोकपणे सांगायचा. मुलीला जागा मिळाली नाही तर पुढे काय, तेही ठरलेलं होतं. आईच्या मुकादमानं डेपोत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

"आई म्हणते, गमबूट तुझ्या मापाचे आहेतच," मुलगी एकदा हसत म्हणाली होती. बाईंना हसू आलं नाही.

आणि पोरीची नजर! अशी नजर बाईंनी पंधरा वर्षांत पाहिली नव्हती. चेंडू जिथे असेल तिथे सगळं जग बघतं. ही भलतीकडेच बघायची. दिवसाला पाच-सहा चिठ्ठ्या यायच्या, बारीक, सरळ अक्षरात. 'त्यांचा गोलकीपर कॉर्नरच्या आधी हातमोजे चावतो तेव्हा पुढे येतो.' 'आपला सात नंबर दमला की डावीकडे बघणं सोडतो.' बाई पडताळून पाहायच्या आणि दर वेळी ते बरोबर निघायचं. मग त्या ते कोचला सांगायच्या. सुरुवातीला "आमच्या मुलीनं टिपलंय" असं म्हणायच्या. मग "आम्ही टिपलंय" झालं. मग नुसतंच सांगायला लागल्या. असं कधी ठरवून होत नाही, जीभ आपली सोपी वाट धरते.

उपांत्य सामन्यात तर कमालच झाली. मध्यंतराला शून्य-शून्य. बाई क्लिपा गोळा करून उठल्या, तेवढ्यात मुलीनं त्यांची बाही धरली.

"ताई, त्यांचा डावा बचावपटू बघा. चार वेळा खाली वाकला. दर वेळी डाव्याच बुटाची लेस."

"मग?"

"बूट चावतोय त्याला. नवा असेल नाहीतर दुसऱ्याचा असेल. मी शाळेत असताना मामेबहिणीचे बूट घालून खेळायचे ना, मला माहितीये. पाय टेकवत नाही माणूस नीट. त्याच्या डाव्या अंगानं पळालं कुणी, तर त्याला वळताच येणार नाही."

"लिहून दे."

"वेळ नाही हो ताई! मीच येऊ का खाली? दोन वाक्यांत सांगते."

खाली एकानंच जायचं, असा रिवाज होता. पण रिवाज मोडला असता तर कुणी फासावर दिलं नसतं. टाय तर आठवड्यातून दोनदा काहीबाही निमित्त काढून ड्रेसिंग रूममध्ये डोकावून यायचा.

"नको," बाई म्हणाल्या. "आज कोच तापलेला आहे. उगाच तुझ्यावर घसरेल."

खाली त्यांनी ते सगळं सांगितलं, बुटासकट. कोचनं आपला सगळ्यात वेगवान खेळाडू त्या अंगाला लावला आणि पासष्टाव्या मिनिटाला गोल झाला. तो बचावपटू वळता वळता चक्क बसला. सामना संपल्यावर कोचनं बाईंना सगळ्यांसमोर जवळ बोलावलं.

"मास्तरीण, लेस बघितलीस तू? हे कसं काय दिसलं तुला?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बाईंसाठी टाळ्या वाजत होत्या. कप्तानानं तर वाकून मुजरा केला. "सवय," बाई म्हणाल्या.

वर मुलगी काचेला नाक लावून वाट बघत होती. "काय म्हणाले ताई?"

"फार आवडलं त्यांना."

"खरंच?" मुलगी हरखली. त्या आनंदात तिनं टायला चहा पाजला.

महिन्याभरानं निवडीची बैठक झाली. कोच, योजनेच्या प्रमुख बाई, क्लबाचे सचिव आणि मास्तरीणबाई, असे चौघं लांब टेबलाशी बसले. पहिला विषय झटक्यात संपला. विश्लेषण विभागाला नवा प्रमुख हवा होता, आणि कोचनं मास्तरीणबाईंचंच नाव पुढे केलं. ज्यानं त्यानं मान डोलावली. सचिवांनी टाइप केलेलं पत्र आधीच आणलं होतं, फक्त त्यावर सही राहिली होती.

"आता मदतनीस," सचिव म्हणाले. "टाय की योजनेतली?"

"टाय," कोच म्हणाला. "पोरगा बोलतो. निम्मं चुकीचं बोलतो, पण मैदानात मला बोलणारा माणूस लागतो. दुसरी मुलगी चांगलीये, वेळेवर येते, सगळं खरं. पण बोलत नाही. वर्षभरात तिच्या तोंडून एक वाक्य ऐकलं नाही मी. तिला खेळातलं कितपत कळतं, देव जाणे."

"आत्मविश्वास कमी पडतो अशा मुलांमध्ये," प्रमुख बाई हळहळल्या. "आपण पुढच्या वर्षी त्यावर एक शिबिरच घेऊ या."

मास्तरीणबाईंचे कान तापले. त्यांच्या टेबलाच्या खणात वर्षभराच्या चिठ्ठ्या होत्या, तारखेसकट, दोन रबर लावून बांधलेल्या. उठून पलीकडच्या खोलीत जायचं आणि गठ्ठा आणून ह्यांच्यापुढे आपटायचा, एवढंच काम. चाळीस पावलं.

"ते बुटाचं," त्या म्हणाल्या, "ते तिला दिसलं होतं."

कोच मोठ्यानं हसला. "बघितलंत? म्हणून मला ही बाई आवडते. स्वतःचं श्रेय पोरीच्या पदरात घालते! मास्तरीण, अगं एवढं मोठं मन ठेवू नये माणसानं."

"पक्क्या मार्गदर्शक आहात," प्रमुख बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोटोसाठी फोन काढला.

मास्तरीणबाईंना अजून एक वाक्य बोलायचं होतं. "हसू नका, मी खरं सांगतेय" एवढंच. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण ते वाक्य बोललं की पुढचा प्रश्न कोणता येणार, हे त्यांना कळत होतं. मग बाकीचं कुणाला दिसलं होतं? कॉर्नरचं? सात नंबरचं? आणि मग त्या पत्राचं काय? पत्र समोरच होतं, सचिवांच्या कोपराखाली. बाईंना चुन्यानं पांढरे झालेले वडिलांचे हात आठवले. त्यांना तरी हे बघायला मिळायला हवं होतं, असं वाटलं. माणसाला नको ते करायचं असलं की नेमके आईबाप आठवतात.

त्या हसल्या. कोचनं हसून दिलेली पळवाट त्यांनी हसून घेतली. "तशी कष्टाळू आहे हो पोरगी," त्या म्हणाल्या. "अजून थोडी तयार व्हायला हवी." सचिवांनी पत्रावर सही केली.

मुलीला सांगायचं काम अर्थातच मार्गदर्शकाकडे आलं. दुपारी वरच्या काचेच्या खोलीत दोघी बसल्या. खाली मैदानावर पाणी मारणं चालू होतं. बाईंनी चार शब्द जुळवून आणले होते. जागा एकच होती, टायचा अनुभव थोडा जास्त, तू लहान आहेस, असं काहीबाही. मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती रडली असती, भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तीही बाईंचीच शिष्या.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"मी दिलेलं सगळं तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना? म्हणजे, माझं म्हणून?"

तिच्या विचारण्यात संशय नव्हता. मास्तर पेपर तपासून देतो तेव्हा गुण नीट मोजलेत ना, एवढंच मूल विचारतं, तसं तिनं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "सगळं सांगितलं."

"बुटाचं पण?"

"ते पण."

मुलीनं मान डोलावली. गणित सुटल्यासारखा तिचा चेहरा झाला, आणि तो चेहरा बघवेना म्हणून बाईंनी लॅपटॉपचं झाकण उगाच उघडून मिटलं.

"मग बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "सगळं ऐकूनही त्यांनी नाही म्हटलं, म्हणजे माझ्यातच तेवढं नसणार. मला उगाच वाटत होतं, मला कळतं म्हणून."

"अगं, असं नाही..."

"नाही ताई, बरंच झालं. नाहीतर आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की आपल्याला संधीच मिळाली नाही. तुम्ही तर सगळं केलंत माझ्यासाठी."

तिनं पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. पुढच्या वर्षीच्या योजनेचा अर्ज होता. आदल्या आठवड्यात धाकट्या बहिणीसाठी नेलेला. वरती बहिणीचं नाव लिहून झालं होतं, जन्मतारीख लिहून झाली होती.

"हा परत ठेवा. तिला माझ्याहून जास्त कळतं म्हणून भरत होते. पण माझंच काही खरं नव्हतं, तर तिचं मी कशावरून सांगणार?"

बाईंनी अर्ज घेतला. "तिला भरू दे की," असं त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू, की त्यांचं त्यांनाच ते ऐकू गेलं असेल.

मुलगी उठली, खुर्ची आत सरकवली आणि जाता जाता, पाया पडू का, असं तिनं विचारलं. बाई नको म्हणाल्या. ती तरी वाकलीच.