शेवटचं पाखरू

“आई, परत!” मी दारातूनच ओरडले.

सासूबाईंनी कुंचला ओठांतून काढला. टोक सुईसारखं झालं होतं. समोर घड्याळाची सोन्याची तबकडी होती. तिच्यावर कोरलेल्या खंड्या पक्ष्याच्या पंखात सासूबाई काचेच्या भुकटीचा निळा रंग भरत होत्या. भट्टीत भाजला की त्याचा मीना होतो, पिढ्यान्‌पिढ्या विटत नाही. असल्या जुन्या निळ्या रंगात विषारी शिसं असतं, हे मी वाचलं होतं. आणि माझ्या कडेवरची मुलगी त्यांच्याकडे झेपावत होती.

“अगं, तुझ्या नवऱ्याचे पापे याच तोंडानं घेतलेत मी. थोडा मंद निघाला खरा, पण ते खापर त्याच्या वडिलांवर फोडायचं असतं.”

“आई, मस्करी नको. मला भीती वाटते.”

त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी कुंचला ओल्या स्पंजावर टेकवून पाहिला. पिसाची रेघ जाड उतरली. पुसून पुन्हा काढली, पुन्हा जाडच. एवढी वर्षं कुंचल्याचं टोक त्यांच्या ओठांनाच कळत आलं होतं.

“हे शेवटचं पाखरू,” त्या म्हणाल्या. “ते माझ्या पद्धतीनंच होईल. तोवर पोरीला हात लावणार नाही. मग कुंचला बंद, आणि पोरगी माझी. कबूल?”

“कबूल.”

त्या शब्दाला पक्क्या. मुलगी रांगत दाराशी गेली, की आतून हाक यायची, “हिला उचल गं आधी!” त्यातच भट्टीत चोचीला तडा गेला. ती घासून काढून पुन्हा भरावी लागली. काम लांबत गेलं. मुलीचं झेपावणं थांबलं, मग तिकडे बघणंही. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटत होतं.

अखेर खंड्या झाला, आता उडेल असा. कारखान्याचा माणूस तबकडी घेऊन गेला. रंगांच्या बाटल्याही आईंनी त्याच्याच हवाली केल्या. दात घासून, न्हाऊन, धुतलेले कपडे घालून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“ये गं, माझं पिल्लू.”

मुलीनं क्षणभर निरखून पाहिलं. मग माझ्या मानेत तोंड खुपसून तिनं भोकाड पसरलं. मी तिला सोडवून त्यांच्याकडे द्यायला गेले.

“राहू दे, राहू दे. जबरदस्ती नको,” त्या माझीच समजूत घालत म्हणाल्या. “या वयात अनोळखी माणसाला घाबरतातच मुलं.”

आणि त्या जमिनीवर बसल्या, जरा अंतर राखून. हात मांडीवर उघडेच होते.