तळं आटलं तेव्हा

डोंगरमाथ्यावर विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात एक गोल, हिरवं तळं होतं. त्याच्या काठावर नावाडी आणि त्याची बायको छोटं लॉज चालवायचे. ती स्वयंपाक बघायची, तो पाहुण्यांना होडीतून फिरवून आणायचा. सगळं बरं चाललं होतं. मग एका दुपारी त्यांची एकुलती एक लेक चिमी पोहायला म्हणून तळ्यात उतरली ती वर आलीच नाही. पाणबुडे आले, "खाली नुसता काळोख नि गाळ, तळ लागत नाही," म्हणाले आणि हात हलवत परत गेले.

तेव्हापासून नावाडी होडी पालथी टाकून काठावर बसून राहायचा. पाहुणे तुटले. बायको मात्र धुणं वाळत घालताना, भांडी विसळताना तळ्याशी मनातल्या मनात बोलायची. पोर गेली हे तिला कळत होतं, पण ती तिथे आहे एवढा तरी आधार होता.

यंदाच्या थंडीत डोंगर हादरला. काचा तडकल्या, फडताळातली भांडी खाली आली, आणि तळ्याचं पाणी उतरायला लागलं. डोंगराच्या पोटात कुठेतरी भेग पडली असावी.

नावाड्याने कित्येक महिन्यांनी दाढी केली. होडीच्या फळ्या उचकटून काढल्या.

"आता सापडेल ती," तो म्हणाला.

बायकोने त्याच्या हातातली फळी धरली. "अहो, नका ना बघू," ती म्हणाली.

खालच्या गावातून धाकटा दीर टेम्पो घेऊन आला. "वहिनी, गाव रिकामं झालंय. डोंगराचा भरवसा नाही. दादाला समजवा."

"तुमच्या दादाला मी आजवर चहात साखर किती घालायची तेवढंच समजावू शकले, भाऊजी."

दीर हसला नाही. थांबला मात्र.

शेवटी तळ उघडा पडला. राखाडी, वाफाळता चिखल. गंधकाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. नावाडी फळ्या टाकत आत गेला आणि बायको त्याच्या कमरेचा दोर धरून मागोमाग. बाटल्या निघाल्या, कुणाचा चष्मा निघाला, गंजलेला नांगर निघाला. एक चप्पलही निघाली, पण ती पुरुषाची. त्याने हातांनी चिखल उपसला, बोटं भाजली तरी उपसत राहिला.

"इथं नाहीये गं."

"नाहीये तर चला."

"मग कुठे आहे?"

तिने दोर ओढला. तो चिखलातच मटकन बसला. दीर आणि ती, दोघांनी मिळून त्याला अक्षरशः ओढत वर आणलं आणि टेम्पोत घातलं.

"निदान पाणी तरी होतं," वाटेत तो एकदाच म्हणाला.

पुढे डोंगर शांत झाला, गाव परतलं. आता ती दोघं दिराच्या घराच्या मागच्या खोलीत राहतात. जाऊ माणुसकीची आहे, काही कमी पडू देत नाही. नावाडी भिंतीकडे तोंड करून पडून असतो. बायको कपडे वाळत घालते, भांडी घासते, आणि सवयीने चिमीशी बोलायला जाते. पण पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा म्हटलं की नुसता तो चिखल दिसतो, मैलभर पसरलेला, आणि त्यात कुणीच नसतं.