काही न दाबणाऱ्यांसाठी

भूगावच्या त्या पंपांच्या कंपनीत बाहेरचे फोन सुनीती उचलायची. ती मूळची मिरजेची, लग्नानंतर बावधनला राहायला आली होती. दारातून आत शिरलं की समोरच तिचं टेबल आणि टेबलावर बटणांचा रुंद फोन. घंटा वाजली की ती आधी "नमस्कार" म्हणायची आणि मग कंपनीचं नाव सांगायची. तिच्या त्या नमस्कारात अशी काही निवांतता असायची की भांडायला फोन केलेलं गिऱ्हाईकही क्षणभर थांबायचं.

बुद्धभूषण त्याच ऑफिसात होता. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, पंचविशीचा मुलगा. कॉम्प्युटर, फोन, इन्व्हर्टर, जे काही तारेला जोडलेलं असेल ते त्याच्याकडे. आठवडाभर तो भूगावात खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी मोटारसायकलवर मुठ्याला, आईवडिलांकडे जायचा. सुनीती त्याला भूषण म्हणायची आणि तो तिला मॅडम.

त्याचे वडील साहेबराव कधीमधी गावातल्या कोंडाजीच्या दुकानातून ऑफिसात फोन करायचे. त्यांना सुनीतीचा आवाज ओळखू यायचा. "बाई, भूषणचा बाप बोलतुया," असं म्हटलं की ती आधी भाताच्या पिकाची चौकशी करायची, भूषणच्या आईच्या, केशरबाईंच्या गुडघ्याची करायची आणि मग भूषणला जोडून द्यायची. मागच्या वर्षी केशरबाईंना कावीळ झाली तेव्हा भूषण बाहेर कामावर गेलेला होता. साहेबरावांनी निरोप सांगितला आणि सुनीतीने स्वतः धावपळ करून ऑफिसची जीप पाठवली. तेव्हापासून साहेबरावांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. त्या बाईच्या कानावर घातलं की काम झालं.

हे दोन हजार एक सालचं. मोबाइल ऑफिसात एकट्या ऋषिकेश सरांकडे होता. ऋषिकेश सर म्हणजे मालकांचा मुलगा, नुकताच बंगळूरहून शिकून आलेला. कामाला उत्साही, माणूस म्हणून वाईट नव्हता. मोठ्या कंपन्यांत फोन केला की रेकॉर्ड केलेला आवाज उत्तर देतो, विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा असं सांगतो, तसं आपल्याकडेही हवं, असं त्याच्या मनात होतं. ऑफिसच्या फोनच्या पेटीत बसवायचं कार्ड त्याने मागवलं आणि ते बसवायला पुण्याहून चंद्रकांत नावाचा तंत्रज्ञ आला.

आवाज कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. जुन्या फायलींच्या खोलीत दार लावून सुनीतीला बसवलं. सुरुवातीला तिचा नेहमीचा नमस्कार, पुढचं सगळं इंग्रजी, आणि अगदी शेवटी, फोन संपताना वाजणारं 'थँक यू'. धुळीने तिला दोनदा शिंक आली, ती, चंद्रकांत आणि भूषण तिघेही हसले, पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मग आता मी बसायचं कुठं?"

"आत, सर्व्हिसमध्ये," ऋषिकेश म्हणाला. "दारात बसून फोन घेण्यात तुमचा दिवस वाया जातो."

कार्ड बसलं. कुठलं बटण दाबलं की कुणाचा फोन वाजणार, हे चंद्रकांतने भूषणला शिकवलं आणि भूषणने स्वतः भरलं. शेवटी चंद्रकांतने विचारलं, "काहीच न दाबणाऱ्याचं काय करायचं? ऑपरेटरकडे पाठवू?"

"ऑपरेटरच ठेवला तर हे कशाला बसवलं?" ऋषिकेश म्हणाला. "निरोपाच्या पेटीत टाका. बोलतील काय बोलायचं ते. आपण नंतर ऐकू."

भूषणने तसं भरलं. ती पेटी रोज कुणी ऐकायची ते ठरवायचं राहिलं. निरोप आला की सुनीतीच्या जुन्या फोनवर लाल दिवा लागणार होता. ते टेबल आता भिंतीकडे सरकवलं होतं आणि त्यावर माहितीपत्रकांचे गठ्ठे आले होते.

त्या शनिवारी भूषण घरी गेला तेव्हा खुशीत होता. जेवताना त्याने सांगितलं, "आबा, आता हापिसात नवं मशीन बसवलंय. माझा नंबर चोवीस. आवाज आला की चोवीस दाबायचं, थेट मलाच लागतं."

"बरं," साहेबराव म्हणाले.

केशरबाई म्हणाल्या, "आन ती बाई? तिला काढली का काय?"

"न्हाई गं. आत बसतीया ती आता."

"मग बरं," म्हणून त्यांनी त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी घातली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी चुलीपुढून उठताना केशरबाईंच्या छातीत कळ आली. त्या भिंतीला टेकून बसल्या, घामाने लुगडं भिजलं. साहेबरावांनी शेजारच्या साळूबाईला त्यांच्याजवळ बसवलं आणि कोंडाजीच्या दुकानाकडे धावले. कोंडाजीने नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

पलीकडून नमस्कार ऐकू आला. तोच आवाज. साहेबरावांना धीर आला. पुढे बाई इंग्रजीत काही बोलत राहिली, ते त्यांनी बोलू दिलं. ऑफिसातली बाई, कुणाशी बोलत असेल. मग ती थांबली तेव्हा त्यांनी निरोप सांगितला.

घरी येऊन त्यांनी केशरबाईंना सांगितलं, "सांगितलंय बाईला. जीप घिऊन येईल भूषण."

केशरबाई म्हणाल्या, "उगा पोराला कशाला."

वेळ जात राहिला. रस्त्यावर जीप दिसेना. पुण्याला जाणारी एस्टी दुकानाजवळच्या फाट्यावर येऊन थांबली तेव्हा साहेबराव पुन्हा दुकानात गेले आणि पुन्हा बोलले. पलीकडून 'थँक यू' आलं. एवढं इंग्रजी त्यांना कळत होतं. काम झालं, असाच त्याचा अर्थ. त्यांनी कंडक्टरला हात करून गाडी जाऊ द्या म्हणून सांगितलं.

दुपार कलल्यावर कोंडाजीने दूध नेणारा टेम्पो थांबवला. गोधडी अंथरून केशरबाईंना मागे निजवलं आणि कोंडाजीही बरोबर निघाला. खिंड चढून टेम्पो पिरंगुटच्या बाजूला उतरू लागला तेव्हा साहेबरावांच्या मांडीवरचं डोकं जड झालं. तरीही त्यांनी टेम्पो दवाखान्यापर्यंत नेला.

कोंडाजी तिथून कुणाच्या तरी गाडीवर बसून भूगावला आला. भूषण तेव्हा प्रिंटरचं झाकण उघडून बसला होता. कोंडाजी दारात उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं. टेबलापाशी कुणी नव्हतं. त्याला पाहून भूषण उठला.

"चल," कोंडाजी म्हणाला. "तुजी आय गेली."

माती झाली. माणसं अंगणात बसून होती. येईल त्याला साहेबराव एकच सांगत होते. "दोनदा सांगितलं त्या बाईला. दोनदा. निरोप दिला न्हाई तिनं. आमचं मानूस गेलं आन तिला त्याचं काय."

पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा भूषण पाण्याचा हंडा उचलत होता. त्याने हंडा तसाच खाली ठेवला. काय झालं असणार ते त्याला लगेच कळलं. वडिलांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अंगणात सगळं गाव बसलं होतं. चुलते म्हणाले, "शिकलेली बाई, पर काळीज न्हाई." साळूबाईने तिला शिव्या दिल्या. भूषण खाली मान घालून ऐकत राहिला. जलदान विधी होईपर्यंत तो घरीच होता. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. पण वडिलांसमोर बसला की ते केशरबाईंचंच काही बोलायचे आणि त्याचं सांगणं राहून जायचं.

कामावर परतला त्या दिवशी तो सरळ भिंतीकडच्या टेबलापाशी गेला. गठ्ठे बाजूला केले. लाल दिवा लुकलुकत होता. त्याने रिसीव्हर उचलला, आकडे दाबले.

आधी कुणा विक्रेत्याचा निरोप होता. मग कुणीतरी नुसतंच फोन ठेवून दिलेला. आणि मग वडील.

"बाई, भूषणचा बाप बोलतुया. त्याच्या आयला लई तरास व्हतोय. छातीत. त्याला सांगा, जीप घिऊन ये म्हनावं." मग गप्प. उत्तरासाठी थांबले होते ते. दुकानातल्या तराजूची साखळी वाजलेली ऐकू आली. "ऐकताय न्हवं? बरं. सांगा मग. ठिवतो."

पुढचा निरोपही त्यांचाच होता. मागे एस्टीचं इंजिन घुरघुरत होतं. "बाई, निघाला का भूषण? हितं एस्टी उभी हाय. तिच्यानं येऊ का थांबू? तुमी म्हनाल तसं करतो." पुन्हा ते थांबले, बराच वेळ. "निघाला आसंल तर थांबतो. बाई?" आणि मग सुनीतीचं 'थँक यू'.

भूषण रिसीव्हर कानाला लावून उभाच राहिला. सुनीती आतून आली होती. तो आलाय म्हणून भेटायला, दोन शब्द बोलायला. त्याचा चेहरा पाहून तिने विचारलं, "काय आहे त्यात?" त्याने रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि तेच आकडे पुन्हा दाबले.

तिने ऐकलं. ऐकताना एका ठिकाणी तिचे ओठ हलले, जणू ती उत्तर देत होती. रिसीव्हर ठेवून ती माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यावर बसली.

"ते माझ्याशी बोलत होते," ती म्हणाली. "मी आतच होते रे. त्या दाराच्या पलीकडं."

"त्यांना वाटतंय, तुम्ही निरोप दिला नाही. गावात सगळ्यांना तेच वाटतंय. मी अजून बोललो नाही, मॅडम."

तिने पदराने तोंड पुसलं. "माझं राहू दे," ती म्हणाली. "पण त्यांना सांग. माणसानं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही, असं वाटत राहणं फार वाईट."

ऋषिकेश केबिनमधून आला. सुनीतीनेच त्याला सगळं सांगितलं. मग तो भूषणला म्हणाला, "बदल ते. काही न दाबणाऱ्याचा फोन मॅडमकडे वाजू दे. आत्ता बदल." आणि थोड्या वेळाने, "मला हे सुचलंच नाही, भूषण."

"मलाही नाही, सर," भूषण म्हणाला. एक आकडा बदलायचा होता. तेवढ्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागला, कारण डोळे भरून आल्याने दिसत नव्हतं.

संध्याकाळी तो घरी गेला. साहेबराव शेळीला पाला टाकत होते. भूषण त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "आबा, त्या बाईचा दोष न्हाई. ती बाई फोनवर नव्हतीच. तिचा आवाज भरून ठेवलाय मशीनमधी. तुमी मशीनशी बोललात."

साहेबराव त्याच्याकडे पाहत राहिले. "ती नमस्कार म्हनली की."

"ते भरलेलं हाय. कुनीबी फोन केला तरी तसंच म्हनतं."

"आन थँक यू?"

"तेबी."

शेळीने पाला ओढला तसा त्यांचा हात हलला. "म्हंजी पलीकडं कुनीच न्हवतं," ते म्हणाले.

"कुनी न्हवतं. आबा, ते मशीन मीच लावलं. चोवीस दाबा म्हनलो व्हतो मी."

"बाई बोलतीया म्हनल्यावर नंबर कशाला दाबू मी?" ते रागाने बोलले नाहीत. खरंच विचारत होते. साहेबराव उठले, हात धुतले आणि घरात जाऊन केशरबाईंच्या जागेवर, चुलीपुढे बसले. त्या दिवशी चूल भूषणने पेटवली. भात कच्चा राहिला तरी दोघांनी खाल्ला. निजताना साहेबराव म्हणाले, "तुजी चूक आसंल. माजी बी हाय. एस्टी मीच सोडली." आणि पुष्कळ वेळाने, "उद्या मला हापिसात ने."

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, पांढरी टोपी घालून ते मोटारसायकलवर मागे बसले. ऑफिसात शिरल्यावर त्यांनी पायताण बाहेर काढलं. सुनीती लगबगीने पुढे आली. समोरासमोर ती दोघं पहिल्यांदाच भेटत होती. ती नमस्कार म्हणाली आणि साहेबराव दचकले. तिच्याही ते लक्षात आलं.

"बाई," साहेबराव हात जोडून म्हणाले, "तुमाला लई वंगाळ बोललो मी. गावात, चार मान्सांत. मला ठावं न्हवतं. आता त्याच मान्सांना सांगीन, पर आदी तुमाला सांगाय आलो."

"तुम्ही कशाला हात जोडता," ती म्हणाली. तिने त्यांचे हात खाली केले आणि तसेच धरून ठेवले. "मी असते तर गाडी पाठवली असती हो."

"व्हय," साहेबराव म्हणाले. "म्हनून तर थांबलो."

सुनीती तोंड फिरवून रडू लागली. साहेबराव उभेच होते. भूषणने खुर्ची दिली तेव्हा बसले. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला. सुनीतीने केशरबाईंविषयी विचारलं. त्या मिरचीचा ठेचा पाठवायच्या, त्याची आठवण काढली. साहेबराव सांगू लागले, की मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा ती वरवंटा घेऊन बसली होती, ऐकायचीच नाही कुणाचं. सांगता सांगता ते हसले आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

निघताना त्यांनी भूषणला विचारलं, "माजं बोलनं हाय का त्यात आजून?"

"हाय."

"पुसून टाक. तिला तरास व्हतोय म्हनलोय मी त्यात. तिला आवडायचं न्हाई कुनाला सांगितलेलं."

भूषणने त्यांच्यासमोरच पहिला निरोप पुसला, मग दुसरा. साहेबराव टेबलाशी उभे राहून त्या फोनकडे बघत होते. मग दोघं बाहेर आले. वडिलांना पायताण घालायला वेळ लागला, म्हणून भूषणने खाली बसून त्यांचा अंगठा पट्ट्यात सरकवून दिला.

"येतो बाई," साहेबराव म्हणाले.

सुनीती दारात उभी राहून मोटारसायकल चांदणी चौकाकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. आत फोन वाजत होता. ती वळली आणि घ्यायला गेली.